कुत्र्याची छत्री कपाटात शंभर वर्षं कशी टिकते

घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे, तिच्या लॉनवर दर पावसाळ्यात छत्र्या उगवतात. चार-पाच दिवस लागून पाऊस झाला आणि मग जरा उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास. पांढऱ्या, मधोमध तपकिरी खपल्या, पूर्ण उमलल्या की नाश्त्याच्या प्लेटएवढ्या. दोन वर्षांपूर्वी बी विंगमधले काका अशाच एका सकाळी स्टीलचा डबा घेऊन खाली उतरले, म्हणाले आमच्या गावाला असल्याच अळंब्यांची भाजी करतात, खोबरं घालून. मला तेव्हा मशरूममधलं काही कळत नव्हतं पण नुकतंच एक गोष्ट वाचली होती की टोपीखालच्या पात्यांमधून बीजाणू पडतात आणि त्यांचा रंग बघायचा असतो, म्हणून म्हटलं काका एक रात्र थांबा, एक नग मला द्या, उद्या सकाळी सांगते.

रात्री दांडा कापून टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर काचेचा बाउल झाकला. सकाळी उचलून बघते तर कागदावर पात्यांची अख्खी रांगोळी, आणि तिचा रंग मळकट हिरवा. पाती वरून बघितली तर पांढरीच वाटत होती, पण बीजाणू हिरवट. हा रंग एका बाईंचीच ओळख सांगतो, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. नावाचा अर्थ हिरव्या पात्यांची असा (हरितद्रव्याशी काही संबंध नाही हो, बुरशीत ते नसतंच). विषारी आहे, खाल्लं की एक-तीन तासांत उलट्या-जुलाब असे सुरू होतात की माणूस सलाईनवर जातो. अमेरिकेत मशरूम खाऊन आजारी पडणाऱ्यांमध्ये हिचाच नंबर वरचा, कारण ती लॉनवर येते आणि दिसायला खाण्याच्या एका जातीसारखी असते. काकांनी डबा परत नेला.

मी फुशारकी मारत तो कागद घेऊन माझ्या मैत्रिणीकडे गेले, ती कॉलेजात बॉटनी शिकवते. तिने कागद बघितला, छान म्हणाली, आणि विचारलं, "मशरूम कुठंय?" मी म्हटलं फेकलं, सडलं होतं. "मग हा ठसा त्याचाच, हे कशावरून?"

हा सगळा लेख त्या "कशावरून" बद्दल आहे.

विज्ञानात तुम्ही म्हणालात की ठाण्यात अमुक जातीचं मशरूम सापडतं, तर पुढचा माणूस तेच विचारणार, कशावरून. फोटो आहे? फोटोत बीजाणू दिसत नाहीत, वास येत नाही, आणि मशरूमच्या कित्येक जाती अशा आहेत की फोटोत सख्ख्या बहिणी आणि मायक्रोस्कोपखाली लांबच्या नात्यातल्यासुद्धा नाहीत. पुस्तकातलं वर्णन वाचून ओळखलं? मग पुस्तकच उद्या बदललं तर? आणि ती बदलतात, डीएनए तपासायला लागल्यापासून तर कुठल्या जातीला कुठल्या घराण्यात टाकायचं याची उलथापालथ चालूच आहे. म्हणून खरं उत्तर एकच, ते मशरूम स्वतः, वाळवून, लेबल लावून, कुठल्यातरी संस्थेच्या कपाटात नंबर घालून ठेवलेलं, की ज्याला शंका असेल त्याने जाऊन उघडून बघावं. याला नमुना किंवा स्पेसिमेन म्हणतात. वनस्पतींच्या अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात हे आपण ऐकलेलं असतं, बुरशीच्या संग्रहाला अलीकडे फंगेरियम म्हणतात.

जगातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक फंगेरियम लंडनच्या क्यू गार्डनमध्ये आहे, साडेबारा लाखांहून जास्त नमुने. त्याची सुरुवात १८७९ मध्ये माइल्स बर्कली नावाच्या पाद्र्याने स्वतःचा संग्रह देऊन टाकला त्यातून झाली. हा माणूस इंग्लंडमधल्या गावात चर्च सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात बुरशी बघायचा, जोसेफ हूकर या वनस्पतीशास्त्रज्ञ साहेबाने सिक्कीम आणि खासीच्या डोंगरांतून गोळा केलेली मशरूम त्याच्याकडेच ओळखायला गेली होती, त्यामुळे आपल्याकडचे कितीतरी जुने नमुने तिकडे आहेत. आपला स्वतःचा मोठा संग्रह दिल्लीत पुसा इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तो बटलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसाला सुरू केला, १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ मध्ये सगळं बिऱ्हाड दिल्लीला आलं, गावाचं नाव मात्र सोबत घेऊन आलं. आणि आपल्या जवळचा म्हणजे पुण्याचा, आघारकर संशोधन संस्थेतला, अजरेकर या बुरशीशास्त्रज्ञांच्या नावाचा संग्रह. तिथेच जिवंत बुरश्यांची राष्ट्रीय बँकपण आहे, त्यात बुरशी वाढवून सांभाळतात. ती वेगळी भानगड, आज वाळलेल्याच बघू.

आता थोडं मागे येते. मशरूम म्हणजे अख्खी बुरशी नव्हे. जमिनीत नाहीतर लाकडात पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं असतं, ते खरं झाड समजा, आणि वर आलेली छत्री म्हणजे त्याचं फळ. आपण आंबा तोडला म्हणून आंब्याचं झाड मरत नाही तसं दोन-चार छत्र्या काढल्याने जाळं मरत नाही. पण आंब्याला जसं देठ, साल, कोय सगळं बघून जात ओळखतो तसं इथेही फळ अख्खं लागतं, नुसती टोपी चालत नाही. पहिली चूक सगळेच इथे करतात, वरून खुडतात. काही भयंकर विषारी जातींच्या दांड्याच्या तळाशी मातीत एक पिशवी असते, अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी, ती वर खुडलीत तर मातीतच राहते आणि ओळखीची मुख्य खूण गेली. म्हणून खुरपं घ्यायचं, दांड्यापासून चार बोटं लांब खुपसायचं आणि मातीच्या ढेकळासकट उचलायचं.

वारुळावरची अळंबी तर याहून अवघड. आषाढ-श्रावणात ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका कंटोळी, टाकळा, कुर्डूसोबत पानात बांधून जी विकतात त्यातली बरीच हीच, टर्मिटोमायसिस. हिचा दांडा जमिनीखाली मुळासारखा होऊन खोल वारुळातल्या वाळव्यांच्या बागेपर्यंत गेलेला असतो, कधीकधी हातभर. वाळवी आत तिची शेती करते, म्हणजे लाकडाचा चोथा आणून त्यावर ही बुरशी वाढवते आणि खाते. शास्त्रज्ञाला ते मूळ पाहिजे असतं, भाजीवाल्या मावशीला नको असतं, त्यामुळे बाजारातून आणलेला नमुना नेहमी अर्धवट. शिवाय कुठल्या वारुळाचा, कुठल्या रानातला, ते कुणाला माहीत.

रानावरून आठवलं. येऊर आपल्याला घरचं वाटतं पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा उचलायचं नाही, मशरूम तर नाहीच नाही. अभ्यासासाठी परवानगी मिळते, पण ती संस्थेमार्फत अर्ज करून, काय किती कुठून घेणार हे लिहून. मी सुरुवातीला येऊर गेटवर जाऊन "थोडेसेच घेते हो" असं म्हणून बघितलं होतं, गार्डसाहेबांनी ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते, आणि बरोबरच होतं त्यांचं. नवशिक्यांसाठी सोसायटीचं आवार, मित्राचं बदलापूरकडचं शेत, मालकाला विचारून कुणाची वाडी, हे बरं. आणि गंमत म्हणजे शहरातल्या मशरूमचे नमुनेच कमी असतात, सगळे उठून जंगलातच जातात.

बाल्कनीतसुद्धा काम होतं. कुंडीत पावसाळ्यात पिवळीधम्मक, लिंबाच्या रंगाची नाजूक छत्री येते बघा, लोक घाबरून कुंडी फेकून देतात. ती ल्युकोकॉप्रिनस बर्नबॉमी, आपल्यासारख्या उष्ण देशातली. पण तिचं वर्णन झालं १८३९ मध्ये आणि कुठे तर प्रागमधल्या काचघरात, तिथल्या बागेचे अधिकारी बर्नबॉम यांना दिसली म्हणून त्यांचं नाव. कुंडीतल्या मातीतून फिरत फिरत गेलेली. झाडाला काही करत नाही, राहू द्या. खाऊ मात्र नका.

तर सामान. खुरपं, छोटी सुरी, पेन्सिल, वही, मोजपट्टी, बटर पेपर किंवा ॲल्युमिनियम फॉइल, आणि एक पसरट टोपली. प्लॅस्टिकची पिशवी नको, हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. पहिल्या वर्षी मी बदलापूरहून अकरा मशरूम प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत टाकली, वाटेत वडापाव खाल्ला, घरी पोचेपर्यंत दीड तास. पिशवी उघडली तर आत घाम सुटलेला, सगळ्यांचा मिळून एक लगदा झालेला, आणि वास असा की सासूबाई आतून विचारतात, "सुकट आणलीस का?" मशरूम तोडल्यावरही श्वास घेत असतं, त्यात नव्वद टक्के पाणी, बंद पिशवीत ते उकडतं. बटर पेपरमध्ये टॉफीसारखं दोन्ही टोकं पिळून एकेकाला गुंडाळायचं आणि टोपलीत मोकळं ठेवायचं. प्रत्येक पुडीत चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, कारण पेनची शाई पाण्यात पसरते आणि पेन्सिल पसरत नाही. चिठ्ठीवर एकच नंबर. तो नंबर म्हणजे मशरूमचं आधार कार्ड, वहीत तोच, फोटोत तोच, ठशाच्या कागदावर तोच, वाळवणाच्या जाळीवर तोच, शेवटच्या पाकिटावरही तोच. कुठेही चिठ्ठी आणि मशरूमची ताटातूट झाली की संपलं.

उपटण्याआधी फोटो. वरून, बाजूने, आणि एक आडवं पाडून पात्यांचा. शेजारी मोजपट्टी ठेवायची, रुपयाचं नाणं नको, नाणी बदलतात.

मग वही. आता इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण लोकांना वाटतं वाळवणं हे खरं काम आणि लिहिणं म्हणजे कारकुनी. उलटं आहे. मशरूम वाळलं की आकसून काळपट-तपकिरी होतं, लाल होतं की केशरी होतं की गुलाबी होतं काही कळत नाही, वास जातो, चिकटपणा जातो, दांड्याभोवती अंगठीसारखी कडी असेल तर ती दांड्याला चिकटून बसते. म्हणजे जे जे वाळल्यावर जाणार आहे ते ताजं असताना लिहून ठेवायचं, वाळल्यावर जे राहणार आहे (बीजाणू, पेशी, डीएनए) ते नंतर कुणीही बघेल. टोपी किती सेंटीमीटर, कोरडी की बुळबुळीत, खपल्या बोटाने निघतात की नाही. पाती दांड्याला चिकटलेली की सुटी. सुरीने उभं कापल्यावर आतला रंग बदलतो का, निळा पडतो का, लाल पडतो का आणि किती वेळात. वास कसला, नुसतं "चांगला" लिहू नका, कच्च्या बटाट्यासारखा, मुळ्यासारखा, पिठासारखा, शाईसारखा, फिनेलसारखा असं लिहा. फिनेलचा वास ही खरोखर ओळखीची खूण आहे, बटण मशरूमच्या घराण्यातल्या काही पोटदुखी आणणाऱ्या जातींना तो येतो. चव घेऊन बघू नका. परदेशातले मुरलेले लोक चाटून थुंकतात, त्यांचं त्यांना.

आणि कशावर उगवलं होतं ते. "झाडाखाली" असं लिहिलेल्या नमुन्याचा कुणाला उपयोग नाही. कुठलं झाड? साग, ऐन, गुलमोहर? काही बुरश्या ठरावीक झाडाच्या मुळांशी भागीदारी करतात, झाडाकडून साखर घेतात आणि त्याला पाणी-खनिजं देतात, तर झाड माहीत असणं म्हणजे अर्धी ओळख झालेली असते. लाकडावर असेल तर जिवंत की मेलेलं, शेणावर असेल तर गायीच्या की म्हशीच्या. आमच्या लॉनच्या बाबतीत मी "गवतात" असं लिहिलं होतं, मैत्रिणीने विचारलं खाली काय आहे, तेव्हा माळीदादांना विचारल्यावर कळलं की लॉन करताना बाहेरून ट्रकने माती आली होती. हे मी वहीत घातलं. ती बुरशी ठाण्याची की मातीबरोबर आलेली पाहुणी, हा प्रश्न पुढे कुणी विचारलाच तर उत्तराचं एक टोक तिथे आहे. तारीख, जागा, मोबाइलवरचं जीपीएस, समुद्रसपाटीपासून उंची, गोळा करणाऱ्याचं नाव, हे तर आलंच.

तारखेची किंमत किती असते त्याची एक गोष्ट. इंग्लंडमध्ये सॅल्सबरीच्या आसपास एडवर्ड गँज नावाचे हौशी गृहस्थ पन्नासहून जास्त वर्षं कुठलं मशरूम कुठल्या दिवशी दिसलं ते लिहीत गेले. त्यांचा मुलगा शास्त्रज्ञ झाला आणि वडिलांच्या नोंदी त्याने हिशोबाला घेतल्या, ३१५ जाती आणि पन्नास हजारांवर नोंदी. निघालं असं की शरद ऋतूतला मशरूमचा हंगाम १९५० च्या दशकात सरासरी ३३ दिवसांचा होता तो २००० नंतरच्या वर्षांत ७५ दिवसांचा झाला, हवामान बदलाचा पुरावा म्हणून हे २००७ मध्ये छापून आलं. त्या गृहस्थांनी काय केलं तर नुसती तारीख टाकायचा आळस नाही केला.

घरी आल्यावर सगळ्यात आधी ठसा, मी वर सांगितला तो. थोडी सुधारणा, अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा घ्या, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत, फसायला होतं. फॉइल त्याहून चांगली, नंतर घडी घालून त्याच नंबरच्या पाकिटात टाकता येते आणि बीजाणू खरवडून मायक्रोस्कोपखाली घेता येतात. एक बीजाणू साधारण दहा मायक्रॉनचा, शंभर एका ओळीत लावले तर एक मिलिमीटर, तेव्हा तो हिरवा थर म्हणजे किती जीव असतील बघा.

मग वाळवण, आणि ठाण्यात जुलैमध्ये वाळवण म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, जिथे चड्डी-बनियन चार दिवस वाळत नाहीत. झाडाची पानं कागदात दाबून वाळवतात तसं मशरूम दाबायचं नाही, पाती चिरडतात. उन्हात म्हणाल तर ऊन कुठंय, आणि असलं तरी इतकं हळू वाळतं की तोवर आत अळ्या होतात. ओव्हनमध्ये मी केलं. ओटीजीचा सगळ्यात खालचा आकडा ठेवला तरी तो साठच्या वर जातो, दोन तासांनी बघितलं तर मशरूम वाळलं नव्हतं, शिजलं होतं, घरभर सूपचा वास. शिजलं की पेशी फुटतात आणि डीएनएची वाट लागते. पाहिजे काय तर ४० ते ४५ डिग्री आणि सतत वाहती हवा. उष्णतेपेक्षा हवा महत्त्वाची. जुने लोक खोक्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून वर जाळीवर वाळवायचे, तो जुगाड अजूनही चालतो, फक्त एलईडी लावू नका, तो पुरेसा तापत नाही.

मी शेवटी घरातला डिहायड्रेटर उचलला, जो सासूबाईंनी आमसुलं आणि कसुरी मेथीसाठी घेतला होता. पहिल्या रात्री तो चालू केला आणि पहाटे खालच्या ट्रेमध्ये बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. मशरूमच्या आत माश्यांची पिल्लं असतात, गरम व्हायला लागलं की ती बाहेर पडून खाली गळतात. सासूबाईंनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "हे आता तुझं. परत स्वयंपाकघरात आणायचं नाही." योग्यच आहे ते, नमुन्याचं आणि खाण्याचं यंत्र एक असूच नये, वाळवणात विषारी जाती असतात. आता तो बाल्कनीत असतो, खाली वर्तमानपत्र.

छोटी छत्री अख्खी ठेवायची, जाड असेल तर उभी दोन-तीन फाकी करायची, पण टोपीपासून तळापर्यंत उभी, म्हणजे एका फाकेत सगळा आराखडा दिसतो. नाजूक रात्रभरात होतात, जाड दीड दिवस घेतात. लाइट गेली तर मेहनत पाण्यात, शब्दशः. शाईछत्री म्हणून एक प्रकार असतो तो तर थांबतच नाही, आणल्यापासून काही तासांत स्वतःच विरघळून काळं पाणी होतो, त्याला आणल्याआणल्या पहिल्यांदा आत टाकायचं, वही नंतर. लाकडावरची कडक कानासारखी गॅनोडर्मा वगैरे सोपी, पंख्याखालीही वाळतात, पण किडे त्यांनाच जास्त लागतात.

वाळलं की नाही याची परीक्षा पापडाची. मोडलं तर कट्ट आवाज आला पाहिजे. वाकलं म्हणजे आत ओल आहे, आणि ओल आहे म्हणजे आपल्या बुरशीवर दुसरी बुरशी येणार, तो विनोद फक्त पहिल्यांदा विनोद वाटतो. आणि वाळलं की लगेच बंद करायचं, लगेच म्हणजे लगेच. आपल्या हवेत उघडा चिवडा अर्ध्या तासात मऊ पडतो, याचंही तेच होतं. झिपलॉकमध्ये सिलिका जेलच्या पुडीसह, ते रंग बदलणारं जेल मिळतं ते घ्या, केशरी असेपर्यंत कोरडं.

वाळवण्याआधीच एक काम मात्र करून घ्यायचं असतं. टोपीच्या आतला, बाहेरची हवा न लागलेला मसुराएवढा तुकडा स्वच्छ सुरीने काढून छोट्या डबीत सिलिका जेलमध्ये पुरायचा, नंबर टाकून. हा डीएनएसाठी. बुरशीची जात ओळखायला आयटीएस नावाचा एक छोटा भाग वाचतात, पाचशे ते सातशे अक्षरांचा, २०१२ मध्ये तो बुरश्यांचा अधिकृत बारकोड ठरला. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवलेल्या नमुन्यात आकार छान राहतो पण डीएनए खराब होतो, म्हणून शाळेच्या लॅबमध्ये बरणीत दिसतं तसं आता कुणी फारसं करत नाही.

मग किडे. वाळलेलं मशरूम म्हणजे तपकिरी भुंगेऱ्यांना मेजवानी, आपल्या हळदीत-धण्यात होतात तेच. संस्था सगळं येणारं सामान आधी गोठवतात. घरी करायचं तर बंद पिशवी डीप फ्रीजरमध्ये वजा १८-२० डिग्रीला आठवडाभर, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड मशरूमवर हवेतलं पाणी जमतं आणि केलेलं सगळं परत ओलं. पूर्वी यावर मर्क्युरिक क्लोराइड लावायचे, पाऱ्याचं विष. किडे मरायचे आणि हळूहळू संग्रहात काम करणाऱ्यांनाही त्रास व्हायचा, म्हणून जुने नमुने अजून हातमोजे घालून हाताळतात.

शेवटी पाकीट. जाड, आम्ल नसलेल्या कागदाची चार घड्यांची पुडी, वाण्याकडे मिळायची तशीच जवळपास, आत मशरूम, फॉइलवरचा ठसा, मूळ चिठ्ठी. बाहेर लेबल. संस्थेत गेलं की तिचा नंबर पडतो आणि मग ते अंधाऱ्या, कोरड्या, थंड खोलीत कपाटात जातं. आधी फोन करून विचारावं, कुणीही न विचारता खोकं आणून टाकलेलं त्यांना आवडत नाही, आणि लेबल नसेल तर घेतच नाहीत. जात नवीनच निघाली तर गोष्ट आणखी गंभीर होते. नवं नाव द्यायचं तर एक नमुना टाइप म्हणून ठरवावा लागतो, ते नाव कायमचं त्या एका वाळक्या तुकड्याला बांधलेलं, मशरूमच्या बाबतीत फोटो किंवा नुसता डीएनए त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाची आंतरराष्ट्रीय नोंदणीही सक्तीची आहे, आणि आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. नवी जात सापडणं म्हणजे काही लॉटरी नाही पण अशक्यही नाही, जगात दीडेक लाख बुरश्यांना नावं आहेत आणि अंदाज आहे २२ ते ३८ लाखांचा.

आता कपाटात पडून त्याचं होतं काय? कुणीतरी वीस नाहीतर शंभर वर्षांनी पुडी उघडतो, पातीचा नखाएवढासुद्धा नाही असा कपटा ब्लेडने काढतो, केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) पाण्यात टाकतो. काही सेकंदांत तो फुगतो, पेशी पुन्हा भरतात, वरून काँगो रेड नावाच्या रंगाचा थेंब टाकला की भिंती लाल दिसायला लागतात, जणू सकाळीच तोडलेलं. हे मी मैत्रिणीच्या लॅबमध्ये माझ्याच लॉनवाल्या मशरूमचं बघितलं, दुसऱ्या वर्षी नीट वाळवलेलं, आणि बीजाणूंच्या टोकाला जो छोटा सपाट डाग असतो तो दिसल्यावर मी उगाचच ओरडले, लॅबमधली मुलं हसली.

बर्कली पाद्री आठवतोय? १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं आणि दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगाने गेली, तेव्हा बरेच जण म्हणत होते पावसामुळे सडलं, हा १८४६ मध्ये म्हणाला बुरशीमुळे. (आज त्या जिवाला खरी बुरशी मानत नाहीत, लांबचा नातेवाईक.) त्या काळातली रोगट बटाट्याची पानं क्यूमध्ये आणि म्युनिकमध्ये वाळवून ठेवलेली होती. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातून डीएनए काढून वाचला आणि तो दुष्काळ नक्की कुठल्या वाणाने आणला ते सांगितलं, आधी ज्याच्यावर संशय होता तो वाण नव्हताच. पान ठेवणाऱ्यांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी पान कोरडं ठेवलं आणि तारीख लिहिली, बस.

आमच्या बी विंगच्या काकांनी भाजीचा विषय सोडलाय. पण यंदा मी चार दिवस गावाला होते आणि लॉनवर छत्र्या आल्या, तर परत आल्यावर वॉचमनदादांनी एक बटर पेपरची पुडी हातात दिली, तळाच्या मातीसकट, जरा मऊ पडलेली. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती. "दि. ११ जुलै, सकाळी ७, जनरेटरच्या बाजूचं लॉन, सहा नग, एक घेतला. वास: काही नाही. खाल्लं नाही."